झोपायच्या खोलीत कोणतं झाड?

बेंजामिन हायने हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात राहत होता. बंगळूरच्या वनस्पती उद्यानाची व्यवस्थाही काही काळ त्याच्याकडे होती. बागेतल्या पानफुटीचं पान तो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून बघे आणि दर वेळी त्याला निराळी चव लागे. सकाळी पान चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. रात्रीतून पानात आम्ल येतं कुठून आणि दिवसा जातं कुठे, हे नीट उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उजेडाच्या बळावर त्याची साखर करतात. पण रंध्रं उघडली की पाणीही उडून जातं. रखरखीत जागी वाढणाऱ्या झाडांना हे परवडत नाही. म्हणून पानफुटी, निवडुंग, कोरफड आणि स्नेक प्लांट यांनी दुसरी रीत पत्करली. ही झाडं रंध्रं रात्री उघडतात, तेव्हा मिळालेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि उजाडलं की रंध्रं मिटून त्याच साठ्यातून साखर तयार करतात. हायनेच्या जिभेला लागलेला आंबटपणा हा त्या रात्रीच्या साठवणीचा होता.

आज शहरातल्या जवळजवळ प्रत्येक नर्सरीत स्नेक प्लांटच्या कुंडीवर ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ अशी चिठ्ठी दिसते. बेडरूमसाठी झाड मागितलं की नर्सरीवाला बहुधा हेच पुढे करतो. चिठ्ठीतलं अर्धं खरं आहे. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं. ऑक्सिजन मात्र पाण्याचा रेणू फुटल्यावरच तयार होतो आणि तो फोडायला उजेड लागतो. अंधारात कोणतंही झाड ऑक्सिजन तयार करत नाही. स्नेक प्लांट नाही, तुळस नाही आणि पिंपळही नाही.

रात्रीचा हिशेब

याच्या अगदी उलट भीतीही तितकीच जुनी आहे. रात्री झाडाखाली झोपू नये, असं महाराष्ट्रात घरोघरी सांगितलं जातं. चिंच आणि पिंपळ यांच्याभोवती तर भुताखेतांच्या कितीतरी गोष्टी आहेत. युरोपात या भीतीला शास्त्राचा आधार मिळाला तो १७७९ साली. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने इंग्लंडमध्ये एका उन्हाळ्यात शेकडो प्रयोग केले आणि झाडं हवा शुद्ध करतात ती फक्त उजेडात, हे दाखवून दिलं. अंधारात तीच झाडं हवा बिघडवतात, असंही त्याने मांडलं. आपल्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्याने या दोन्ही गोष्टी घातल्या होत्या. त्यानंतर रुग्णाच्या खोलीतून संध्याकाळी फुलं आणि कुंड्या बाहेर काढण्याची पद्धत पडली. १८५९ साली परिचर्येवर पुस्तक लिहिताना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांना ही भीती निराधार आहे, असं मुद्दाम सांगावं लागलं.

दोन्ही समजुती आकड्यांवर ताडून बघता येतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण २८,००० लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो आणि थोडा कमी, सुमारे ०.२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ तासांत एका माणसाचा कार्बन डायऑक्साइड होतो शंभर लिटरच्या जवळपास. अर्धा चौरस मीटर पानं असलेलं घरातलं झाड रात्रभर श्वसन करून जो वायू सोडतं, तो ढोबळ हिशेबाने पाव लिटरच्याही आत राहतो. माणसापुढे हा वाटा अर्ध्या टक्क्याइतकाही नाही. उशाशी झाड ठेवल्याने गुदमरायला होईल, ही भीती म्हणूनच सोडून द्यावी. स्नेक प्लांट रात्री जो कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्याचं मापही एवढंच लहान असतं. त्यामुळे त्याच्याकडून हवा ताजी होण्याची आशाही सोडावी लागते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. ती खोली पूर्ण हवाबंद करून दोन माणसं आठ तास झोपली, तरी हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून जेमतेम २० टक्क्यांपर्यंत उतरेल. बंद बेडरूममध्ये ऑक्सिजन कमी पडत नाही. वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत तो साधारण ४२० भाग असतो. त्या हवाबंद खोलीत तो सात हजारांपर्यंत जाईल. खऱ्या खोलीला दाराच्या फटी असतात, म्हणून आकडा एवढा चढत नाही. तरी तो दोन-अडीच हजारांवर सहज पोचतो.

नासाची बंद पेटी

घरातली झाडं हवा शुद्ध करतात, या आजच्या विश्वासाचा उगम अवकाशात आहे. १९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा पाठवली. तिच्या बंदिस्त हवेत शंभराहून अधिक बाष्पशील रसायनं सापडली. प्लास्टिक, गोंद, रंग आणि यंत्रं यांतून ती सतत पाझरत होती. अवकाशात खिडकी उघडता येत नाही. मग हवा शुद्ध करायची कशी? नासाचे बिल वुल्व्हर्टन हे शास्त्रज्ञ मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात झाडांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्यावर काम करत होते. त्यांनी हवेचा प्रश्नही झाडांपुढे ठेवला. पारदर्शक प्लास्टिकच्या बंद पेटीत एक कुंडी ठेवायची, पेटीत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड किंवा ट्रायक्लोरोएथिलीन सोडायचं आणि चोवीस तासांनी किती उरलं ते मोजायचं, असा त्यांचा प्रयोग होता. १९८९ साली त्याचा अहवाल निघाला. पेटीतलं रसायन खरोखर घटलं होतं.

हा अहवाल जगभर पोचला, पण पोचता पोचता त्यातली पेटी गळून पडली. झाडांची यादी तेवढी उरली आणि ती नर्सऱ्यांत, मासिकांत, जाहिरातींत फिरत राहिली. बंद पेटीत नवी हवा येत नाही. घरात मात्र दारं-खिडक्यांतून आणि फटींतून ती सतत येत-जात असते आणि हे येणं-जाणं झाडापेक्षा कितीतरी वेगाने रसायनं बाहेर नेतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा बारा अभ्यासांतले १९६ निष्कर्ष एकाच मापात बसवले आणि २०१९ साली उत्तर मांडलं. इमारतीत नेहमी खेळणारी हवा जेवढी सफाई करते, तेवढी झाडांकडून हवी असेल, तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं ठेवावी लागतील. दहा बाय दहाच्या खोलीसाठी याचा अर्थ कमीत कमी ९० कुंड्या असा होतो. पलंगाला जागाच उरणार नाही.

भारतात हा विषय गाजला तो दिल्लीच्या कमल मीत्तल यांच्यामुळे. नेहरू प्लेसमधल्या पहाडपूर बिझनेस सेंटरमध्ये त्यांनी ५०,००० चौरस फुटांच्या इमारतीत ३०० माणसांमागे १,२०० झाडं ठेवली. अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ही त्यांची तीन झाडं. २००९ च्या त्यांच्या छोट्याशा व्याख्यानामुळे ही त्रयी जगभर पोचली. त्या इमारतीतली हवा चांगली होती, यात शंका नाही. पण तिथे बाहेरची हवा धुऊन आणि गाळून आत घेणारी यंत्रणाही होती. माणशी चार झाडं, त्यांची रोजची निगा आणि ही यंत्रणा, असा तो सगळा खटाटोप होता. पलंगाशेजारच्या एका कुंडीकडून तेवढ्याच फळाची अपेक्षा करता येत नाही.

हवेतलं जे आधी बाहेर काढायचं

मराठी घरातल्या बेडरूमची हवा बिघडवणाऱ्या गोष्टी बहुतेक डोळ्यांपुढेच असतात. पहिली म्हणजे डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार, एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे अतिसूक्ष्म कण सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात. दुसरी गोष्ट कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. त्यांतलं नॅफ्थलीन कपड्यांत आणि खोलीत मुरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी ज्या रसायनांच्या मर्यादा ठरवल्या, त्यांत नॅफ्थलीन आहे. तिसरी गोष्ट नवं फर्निचर. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतं. उकाडा आणि दमटपणा वाढला की ते जास्त निघतं, म्हणजे कोकण-मुंबईच्या हवेत त्याला सगळंच अनुकूल. या तिन्हींवरचे उपाय साधे आहेत. कॉइलऐवजी मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी लावावी, गोळ्या काढून कपाटाला ऊन-वारा दाखवावा आणि नव्या कपाटाची दारं काही आठवडे दिवसा उघडी ठेवावीत.

चौथी गोष्ट बंद खिडकी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. ताजी हवा तो आत आणत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. विद्यार्थी-वसतिगृहातल्या एकेकट्यांच्या खोल्यांमध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. एक आठवडा ताज्या हवेचा पंखा बंद ठेवला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचं सरासरी प्रमाण २,३९५ भाग होतं. पंखा चालू असलेल्या आठवड्यात ते ८३५ वर आलं. हवा ताजी असताना विद्यार्थ्यांची झोप अधिक शांत झाली, दुसऱ्या दिवशी पेंग कमी आली आणि तर्काच्या चाचणीत त्यांनी जास्त चांगली उत्तरं दिली. जाळी लावलेली खिडकी बोटभर उघडी ठेवली किंवा बेडरूमचं दार किलकिलं ठेवलं, तरी बराच फरक पडतो. खिडकी वाहत्या रस्त्यावर असेल, तर दुसऱ्या बाजूचं दार-खिडकी उघडावी.

मग झाड कशासाठी?

हवेचं काम खिडकीवर सोपवलं की झाडाकडे मोकळ्या मनाने बघता येतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर अल्रिच यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासानंतर हिरवाईच्या दर्शनावर जगभर काम सुरू झालं. अंथरुणात पडल्या पडल्या दिसणारं हिरवं पान मनाला निवांत करतं आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात ते सहसा बाहेर दिसत नाही. कुंडी आणायला एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणूनच कुंडीची जागा उशीवरून ठरवावी. झोपताना आणि उठल्या उठल्या नजर जिथे जाते, तिथे झाड हवं. मात्र त्या जागी झाड जगेल का, हे आधी बघावं लागतं.

आधी उजेड

झाड निवडताना सगळ्यात जास्त चूक उजेडाच्या अंदाजात होते. माणसाचा डोळा अंधुक प्रकाशाला चटकन सरावतो, त्यामुळे जी खोली माणसाला लख्ख वाटते ती झाडाला काळोखी असू शकते. भर दुपारी उघड्यावर प्रकाशाची तीव्रता लाखभर लक्स असते. खिडकीशेजारी ती काही हजारांवर येते. खिडकीपासून आठ-दहा फूट आत, ग्रिल आणि पडद्यांआड, शे-दोनशे लक्स उरले तरी नशीब. दुपारी कुंडीच्या जागी हात धरून सावली बघावी. सावली ठळक पडली तर उजेड चांगला आहे, पुसट पडली तर मध्यम, आणि सावलीच दिसली नाही तर तिथे कोणतंही झाड फार काळ तग धरणार नाही.

इंग्रजी पुस्तकांतला दिशांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तो थंड मुलखातल्या तिरप्या उन्हासाठी लिहिलेला असतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य तिथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोल आत येतं. महाराष्ट्रात पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची, कारण सकाळचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये पानं करपतात. तिथे कुंडी तीन-चार फूट आत सरकवावी किंवा मध्ये पातळ पडदा ठेवावा.

पाणी, बुरशी आणि डास

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून पुन्हा हवेत जातं. कुंडीत घातलेलं जवळजवळ सगळं पाणी शेवटी खोलीच्याच हवेत मिसळतं, असा याचा अर्थ. मे महिन्यात अकोल्याला दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा हा ओलावा नाका-घशाला सुखाचा असतो. जुलैत रत्नागिरीला हवा आधीच ऐंशी-नव्वद टक्के दमट असते. तिथे बंद बेडरूममध्ये पाच-सहा कुंड्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे एकत्र आले की भिंतीला, गादीला, कपाटाच्या पाठीला बुरशी धरते. घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या त्रासाशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सविस्तर मांडला आहे. घरात कोणाला दमा असेल, तर पावसाळ्यात बेडरूममधल्या कुंड्या गॅलरीत हलवणं चांगलं. मातीवर पांढरी बुरशी दिसली किंवा कुंडीभोवती बारीक चिलटं फिरू लागली, की पाणी जास्त होतंय हे ओळखावं.

डासांचा धोका याहून मोठा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. बाटलीतला मनी प्लांट, काचेच्या भांड्यातला लकी बांबू आणि कुंडीखालची बशी ही त्याची आवडती ठिकाणं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत असतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं तो यासाठीच. त्या दिवशी भांडं रिकामं करून आतून घासावं. लकी बांबूचा धोका जगाने पाहिलेला आहे. २००१ साली चीनहून पाण्यात ठेवून आलेल्या लकी बांबूच्या खेपांबरोबर एडिस जातीचाच एक डास कॅलिफोर्नियात उतरला होता. बेडरूममध्ये पाण्यातलं झाड ठेवूच नये आणि मनी प्लांट मातीतच लावावा, हे सगळ्यात बरं.

खोलीत कोण झोपतं?

अळू किंवा सुरण नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, हे मराठी स्वयंपाकघराला पक्कं ठाऊक आहे. म्हणून अळूच्या भाजीत चिंच पडते. ही खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची असते. अळूच्या कुळात घरातली कितीतरी शोभेची झाडं येतात. मनी प्लांट, पीस लिली, ॲग्लोनिमा, फिलोडेंड्रॉन, झेडझेड प्लांट आणि डिफेनबेकिया यांच्या पानांत हेच स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. डिफेनबेकियाने जीभ आणि घसा सुजून बोलणंही कठीण होऊ शकतं. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल, तर ही झाडं जमिनीवर ठेवू नयेत आणि डिफेनबेकिया बेडरूममध्ये आणूच नये. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असतात, ते खाल्ल्यास उलट्या होतात. पानफुटीतली द्रव्यं तर जनावरांच्या हृदयावर परिणाम करतात. लहान मुलांच्या आणि प्राण्यांच्या दृष्टीने निर्धास्त झाडं म्हणजे अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न.

वासाचंही तसंच. रातराणीचा दरवळ मोकळ्या अंगणात हवाहवासा असतो, पण बंद खोलीत अनेकांचं डोकं चढतं आणि काहींना मळमळतं. ज्यांना अर्धशिशी किंवा दमा आहे, त्यांच्या उशाशी सुगंधी फुलझाड नको.

सहा झाडांची ओळख

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. पूर्वी त्याला सॅन्सेव्हेरिया म्हणत. २०१७ पासून शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिना या गणात घातलं आहे. कमी उजेड, विसरलेलं पाणी आणि एसीची कोरडी हवा हे सगळं ते सोसतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरे, पावसाळ्यात त्याहून कमी. त्याला मारायचा एकच सोपा मार्ग आहे, तो म्हणजे रोज पाणी घालणं.

अरेका पाम मादागास्करचा. उंच आणि हलका असल्याने रिकाम्या कोपऱ्याला तो एकटा पुरतो. मात्र त्याला खिडकीजवळचा भरपूर, पण थेट नसलेला उजेड लागतो आणि माती हलकी ओली ठेवावी लागते. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याच्या झावळ्या पिवळ्या पडतात आणि तिथे लाल कोळी ही कीड लवकर लागते.

स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेतलं असलं, तरी त्याचा गण महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. पावसाच्या सुरुवातीला रानातून येणारी फोडशीची भाजी याच क्लोरोफायटम गणातली. याच गणातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव तर बोरिवलीवरून पडलं आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सान्तापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ते दिलं. स्पायडर प्लांट खिडकीशी टांगून ठेवावं. त्याला लोंबणारी पिल्लं येतात आणि ती मातीत टेकवली की नवी रोपं तयार होतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिन-फ्लोराइडने पानांची टोकं तपकिरी पडतात, म्हणून जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं.

मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटावरचा. भारतात तो इतका रुळला आहे की परका वाटतच नाही. हवा शुद्ध करण्याचं स्वप्नही शास्त्रज्ञांनी याच वेलीत पाहिलं. वॉशिंग्टन विद्यापीठात स्टुअर्ट स्ट्रँड यांच्या गटाने मनी प्लांटमध्ये सशाचं एक जनुक घातलं. सस्तन प्राण्यांच्या यकृतात बेंझिन आणि क्लोरोफॉर्म यांचं विघटन करणारं प्रथिन या जनुकामुळे तयार होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बंद नळीतलं क्लोरोफॉर्म तीन दिवसांत ८२ टक्क्यांनी घटलं. साध्या मनी प्लांटने ते फारसं कमी केलं नाही. बदललेल्या वेलीलाही घरात उपयोगी पडायचं तर पानांवरून हवा खेळवायला पंखा लागेल, असं या संशोधकांचंच म्हणणं आहे.

रबर प्लांट आपल्या ईशान्य भारतातला. मेघालयातले जिवंत पूल याच झाडाच्या मुळांचे विणलेले असतात. रुंद, गडद पानांमुळे ते खोलीत भारदस्त दिसतं. त्याला चांगला उजेड हवा. पान तुटल्यावर येणारा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत.

ॲग्लोनिमा कमी उजेडात रंग टिकवणारं झाड. गडद हिरव्या पानांच्या जाती मध्यम उजेडावर भागवतात, लाल-गुलाबी जातींना अधिक उजेड लागतो. एसीचा थंड झोत मात्र त्याला अजिबात सोसत नाही.

तुळस आणि मोगरा यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. बेडरूमच्या आत ती महिन्याभरात लांबट आणि फिकी होतात. त्यांची जागा खिडकीच्या ग्रिलमध्ये. तिथून उन्हाळ्याच्या रात्री मोगऱ्याचा मंद वास आपोआप आत येतो.

घरी आणताना

दहा बाय दहाच्या बेडरूमला दोन ते तीन झाडं पुष्कळ होतात. नर्सरीत झाड निवडताना पानांची खालची बाजू आणि देठांचे बेचके बघावेत. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. नवं झाड पहिले दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर, गॅलरीत ठेवावं. कुंडीला तळाशी भोक हवंच. बेडरूमसाठी ताज्या शेणखताऐवजी चांगलं मुरलेलं, वास नसलेलं गांडूळखत आणि कोकोपीट घातलेली हलकी माती घ्यावी. पाणी घालण्याआधी दोन पेरं बोट मातीत खुपसून बघावं आणि ओल लागली तर थांबावं. कीटकनाशक झोपायच्या खोलीत कधीही फवारू नये. फवारणी करायची असेल तर कुंडी बाहेर न्यावी आणि पानं पूर्ण वाळल्यावरच आत आणावी. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसावीत. शहरातली धूळ पानांवर बसली की आधीच कमी असलेला उजेड आणखी अडतो.

खोलीत उजेड फारच बेताचा असेल, तर अनुभवी माळी एकाच जातीच्या दोन कुंड्या घ्यायला सांगतात. एक बेडरूममध्ये ठेवायची, दुसरी गॅलरीत, आणि दर तीन आठवड्यांनी त्यांची अदलाबदल करायची. आतून बाहेर जाणारी कुंडी आधी चार-पाच दिवस सावलीत ठेवावी लागते. अंधुक उजेडात वाढलेली पानं कोवळी असतात आणि त्यांच्यावर एकदम ऊन आलं, तर एका दुपारीत पांढरट डाग पडतात. ते नंतर जात नाहीत.